पाणी सरकेल तिकडे रॅम्प

लास व्हेगासहून हूव्हर धरणाकडे निघालं की वाटेत बोल्डर सिटी लागतं. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव. जुगाराची राजधानी अर्ध्या तासावर, पण इथे आजही जुगाराला बंदी! गावातल्या हेमेनवे पार्कच्या हिरवळीवर वळणदार शिंगांचे रानमेंढे निवांत चरत होते, पण भाच्याने गाडी थांबवली नाही. मागे ट्रेलरवर बोट होती आणि "मामा, ऊन चढलं की रॅम्पवर ही रांग लागते" हा त्याचा धोशा चालू होता.

हेमेनवे हार्बरला उतरलो. समोर लेक मीड, म्हणजे कोलोराडो नदी अडवून 1930 च्या दशकात तयार झालेला, साठवणक्षमतेत अमेरिकेतला सर्वांत मोठा जलाशय. पण डोळे पाण्यावर ठरेनात. तपकिरी डोंगरांच्या पायथ्याला सगळीकडे पांढराफटक पट्टा होता, बोअरच्या पाण्याने बादलीला चढतो तसा. पूर्वी पाणी होतं तिथवर बसलेला हा क्षार. 2000 च्या सुमारास तलाव जवळजवळ भरलेला होता. जुलै 2022 मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून 1,040 फुटांवर आली, म्हणजे पावणेदोनशे फुटांच्या आसपास घसरली. पुढे ती थोडी सावरली, तरी पट्टा काही गेला नाही.

असा दुष्काळ वर्तमानपत्रात वाचताना आकडाच राहतो. रॅम्पवर तो पायांना कळतो. बोटीच्या रॅम्पचा उतार साधारण बारा ते पंधरा टक्के असतो. त्यामुळे पाणी फूटभर खाली गेलं की काठ सात-आठ फूट पुढे पळतो. मग काँक्रीट वाढवा, लोखंडी जाळ्या अंथरा, आणि तेही पुरेना झालं की रॅम्प बंद. 2022 मध्ये इथले बरेच रॅम्प असेच बंद पडले. हेमेनवेचा कसाबसा चालू राहिला. त्याच उन्हाळ्यात या परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक हिगिन्स बोट उघडी पडली. एके काळी ती 185 फूट पाण्याखाली होती. ती मात्र रॅम्पवाचूनच बाहेर आली!

तयारी वरच्या मोकळ्या जागेतच उरकायची. ऐन रॅम्पवर पट्टे सोडत बसलात तर मागचे लोक तोंडाने काही बोलत नाहीत, नुसते बघतात, आणि ते जास्त लागतं. भाच्याने पट्टे काढले, बोटीच्या मागच्या भोकात बूच पिळून बसवलं, पुन्हा एकदा चाचपलं आणि नाळेचा दोर माझ्या हातात दिला. ट्रेलर रिव्हर्स घेताना त्याने स्टिअरिंगचा तळ धरला: हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो, डोकं लावावं लागत नाही. चाकं पाण्यात गेली, बोटीची मागची बाजू हलकी होऊन डुलू लागली. मग विंचचा हूक निघाला, हलकासा धक्का दिला आणि दोर माझ्या मुठीत ताणला गेला. एवढ्या वजनाची वस्तू एका हाताने आवरते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पाण्यावरचा वेळ छान गेला, पण त्यात सांगण्याजोगं फारसं नाही. ऊन, वारा, पोळ्यांचे रोल.

खरं काम परतल्यावर. 2007 च्या जानेवारीत या तलावात क्वागा नावाचे शिंपले सापडले. नखाएवढा जीव, पण पाइपांना आणि इंजिनांना चिकटून ती तुंबवतो. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. बोटीत उरलेल्या पाण्यातून ती दुसऱ्या तलावात पोचतात. म्हणून बाहेर पडण्याआधी बूच काढून सगळं पाणी सोडायचं आणि नेवाडात ते काढलेलं ठेवूनच बोट रस्त्यावरून न्यायची, असा कायदा आहे. भाचा फडकं घेऊन बोटीच्या पोटाखाली शिरला. पाणी संपल्यावरही तो भोकात बोट घालून बघत होता.

"पुढच्या शनिवारी दुसऱ्या तलावावर जाऊ या की," मी म्हटलं.

"ही आधी अंगणात खडखडीत वाळू दे," तो खालूनच म्हणाला, "मग बघू."