रिकाम्या टाकीला खाऊ घालताना
टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, दिवा लागला, की घरातली मुलं काचेला नाक लावून विचारतात, ‘मासे कधी?’ महिन्याने, कदाचित दीड महिन्याने, असं मी सांगतो. लोकांच्या घरी माशांच्या टाक्या बसवून देताना हेच सांगणं सगळ्यांत जड जातं. पाणी तर नितळ दिसत असतं, मग अडलं कुठे?

अडतं ते अमोनियापाशी. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. तळ्यात तो पसरतो, पचवलाही जातो. दोन फुटी टाकीत पाणी असतं जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर, आणि नव्या टाकीत तो पचवणारं कुणीच नसतं. अमोनियाचं नायट्राइट एक जिवाणू करतो आणि नायट्राइटचं नायट्रेट दुसरा, हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास दाखवलं. 2015 साली दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायराही सापडला, तोही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये! मला या बातमीचा फार आनंद झाला होता. आपण ज्यांची वाट बघतो ते इतके गुणी निघावेत.

पण ते वाढतात फार सावकाश. दुसरे कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. शिवाय ते पाण्यात तरंगत नाहीत. स्पंजला, खड्यांना, सिरॅमिकच्या कड्यांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीचं पाणी आणून ओतण्यात अर्थ नाही, जुना स्पंज आणावा. माझ्या घरच्या टाकीतला स्पंज मी नव्या टाकीत पिळतो तेव्हा तपकिरी गढूळ लोट उठतो आणि घरातली माणसं दचकतात. ते विरजण असतं. निरोगी टाकीतलं असलं की झालं.

मग रोज रिकाम्या टाकीला खाऊ घालायचं: चिमूटभर माशांचं खाणं, किंवा लिटरला दोन मिलिग्रॅम होईल इतका शुद्ध अमोनिया. चाचणीच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकले की आधी अमोनियाचा हिरवा रंग गडद होत जातो. तो फिकट होऊन पिवळ्यावर आला, की दुसऱ्या नळीत नायट्राइट जांभळं दिसू लागतं. इथे लोकांचा धीर सुटतो, कारण हा जांभळा रंग दिवसचे दिवस हलत नाही. या टप्प्यावर मासे सोडले तर नायट्राइट त्यांच्या रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं. पंप जोरात चालू असूनही मासे वर येऊन तोंड उघडत राहतात. ते एकदा पाहिलेला माणूस घाई करत नाही.

मुंबईच्या तलावांचं पाणी मृदू. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, अशा पाण्यात मुळातच थोडा असलेला क्षार संपतो, सामू घसरतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. फिल्टरमध्ये कुटलेल्या शिंपल्यांची पुरचुंडी ठेवली की बहुतेक वेळा गाडी पुन्हा चालू लागते. आणि स्पंज नळाखाली धुऊ नये, हे मी प्रत्येक घरी दोनदा बजावतो. नळातलं क्लोरीन महिन्याची मेहनत वाहून नेतं. टाकीतूनच बादलीभर पाणी काढावं आणि त्यात तो हलकेच पिळावा.

दोन मिलिग्रॅम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. साठलेलं नायट्रेट कमी करायला अर्ध्याहून जास्त पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन काढूनच भरायचं. मग मात्र उशीर नको, अन्नाविना जिवाणूंची जोमदार वस्ती मंदावते. त्याच संध्याकाळी मुलांना घेऊन दुकानात जावं. पहिल्या खेपेला चार-पाच प्लॅटी पुरेत.