छी शी ज्यौ

मंडळी, मी पांढुर्ण्याचा. घरात मराठी, शाळा हिंदी, बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. सौंसरला कॅशवर नवीन असताना शेजारच्या टेबलावरून बाबूजींनी पुकारलं, "उन्यासी दे दो." मी मोजून ८९ दिले. नवासी म्हणजे ८९, उन्यासी म्हणजे ७९, आणि घाईत कानाला दोन्ही सारखेच! आपलं एकोणऐंशी-एकोणनव्वद असतं तर चुकलो नसतो. संध्याकाळी दहा रुपये कमी. खिशातून भरले. तेव्हा दहा रुपये थोडे नव्हते हो.

हे आठवलं नातीमुळे. मुलगा नोकरीसाठी शांघायला, नात तिथल्याच शाळेत. व्हिडिओ कॉलवर "आबा, बाय" म्हणून पळायची. म्हटलं, मला चिनी आकडे शिकव. मग बसायला लागली.

यी, अर्, सान, स्स, वू. चार म्हणजे स्स आणि दहा म्हणजे शी, ते माझ्या तोंडून एकच निघतं, ती कपाळाला हात लावते. 'मृत्यू'चा उच्चारही चारसारखाच, फक्त सूर वेगळा. म्हणून तिकडे कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो! एका हाताच्या बोटांनी ते दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी उघडी की सहा. 'दोन माणसं' म्हणताना मात्र अर् नाही, ल्यांग. हे मी अजून विसरतो.

पण दहाच्या पुढे घोकायचं काही नाहीच. पंचवीस म्हणजे दोन-दहा-पाच, अर् शी वू. संपलं. आपल्याकडे शंभरापर्यंत प्रत्येक आकडा पाठ करा! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं तेव्हा मीही चिडलो होतो. आता तेवढा चिडत नाही.

बँकवाल्याला गंमत वाटली ती 'वान'ची. वान म्हणजे दहा हजार. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान. ती वान सांगते, मी लाख करतो. आमचा हा रविवारचा हिशेब.

बदल्यात मी तिला मराठी आकडे शिकवतो. एकोण म्हणजे एक उणा, हे सांगितलं तर म्हणाली, "आधीच कमी का करायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

परवा वाढदिवस झाला. मी म्हटलं, "छी शी ज्यौ." तिने बोटांवर हिशेब केला आणि ओरडली, "आबा एकोणनव्वद!"

मुलगा मागून चूक दुरुस्त करायला लागला. मी म्हटलं, राहू दे. या खेपेला दहा जास्तच आलेत.