निर्दोष दफ्तर

बासरला येणाऱ्या पाहुण्यांची वाट बहुधा ज्ञानसरस्वतीच्या देवळाकडे वळते. मुलाचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घ्यावे, गोदावरीला नमस्कार करावा आणि परतीची गाडी धरावी, असा क्रम असतो. अक्षर लिहिण्याचा संस्कार आपण असा थाटाने करतो. लिहिलेले अक्षर सांभाळण्यासाठी मात्र आपल्याकडे विधी नाही. म्हणूनच या भागातील जुन्या मराठी घराण्यांनी आपले कुळवृत्तांत, पट्टे आणि मोडी कागद संगणकात उतरवण्यास आरंभ केला, तेव्हा आम्हांला आनंद झाला. त्याबरोबर एक शंकाही आली. संगणकात गेलेला कागद बिघडला तर तो दुरुस्त कोण करणार, आणि त्या दुरुस्ताची परीक्षा कोणी घेतली आहे?

आमचे आयुष्य सरकारी दफ्तरात गेले, म्हणून आम्ही हा विषय दफ्तराच्याच भाषेत मांडतो. दफ्तरखान्यात मिसली असतात आणि मिसलींची फेरिस्त असते. मिसल शाबूत असून फेरिस्त हरवली, तर ती मिसल असून नसल्यासारखी. संगणकाच्या चकतीवरही हीच द्विविध व्यवस्था असते. मजकूर एकीकडे, आणि तो कोणत्या ठोकळ्यांत ठेवला आहे, त्याचे नाव काय, कोणते ठोकळे मोकळे आहेत, याची नोंद दुसरीकडे. या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. लिनक्स प्रणालीसाठी १९९३ साली आलेल्या ईएक्सटी-२ या रचनेत प्रत्येक फाइलीला एक क्रमांकित नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. गंमत अशी, की फाइलीचे नाव त्या नोंदीत नसतेच. ते निर्देशिकेत, म्हणजे निराळ्या वहीत असते.

या वह्यांचा मेळ बिघडला की ई-टू-एफएससीके हे दुरुस्तीचे साधन चालवतात. थिओडोर त्सो यांचे नाव या साधनाशी कायमचे जोडलेले आहे. ते पाच फेऱ्यांत काम करते. पहिल्या फेरीत आयनोड आणि त्यांचे ठोकळे, दुसरीत निर्देशिका, तिसरीत निर्देशिकांचा परस्परसंबंध, चौथीत नावांची मोजदाद आणि पाचवीत मोकळ्या-भरलेल्या ठोकळ्यांचा ताळेबंद. एका वहीचे म्हणणे दुसरीशी पडताळायचे आणि विसंगती दिसली की मिटवायची, ही त्याची रीत.

अशा साधनाची कसोटी खऱ्या अपघातावर लागत नाही. अपघातापूर्वी नेमके काय होते हे कोणालाच ठाऊक नसते, मग दुरुस्ती बरोबर की चूक हे ठरवावे कशावरून? हिशेब तपासनिसाची परीक्षा घ्यायची तर वहीत चूक आपणच पेरावी लागते. या साधनासोबत मुद्दाम बिघडवलेल्या छोट्या चकत्यांच्या शेकडो प्रतिमा ठेवलेल्या असतात. प्रत्येकीबरोबर साधारणतः दोन अपेक्षित उत्तरे असतात. पहिल्या तपासणीत कोणते दोष सापडावेत हे एक, आणि दुसऱ्या तपासणीत काहीही शिल्लक राहू नये हे दुसरे.

पण दुसऱ्या वेळी दोष न सापडणे म्हणजे सत्य परत मिळणे नव्हे. २००८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील हर्यादी गुनावी, अभिषेक राजीमवाले आणि आर्पाची-डुसो दांपत्य यांनी चकतीवरील नोंदी हेतुपुरस्सर बिघडवून याच साधनाची झडती घेतली. काही प्रसंगी हाताशी असलेली माहिती न वापरताच दुरुस्ती होते आणि काही वेळा दुरुस्तीनेच नवा बिघाड होतो, असे त्यांना आढळले. तपासणीचे नियम एसक्यूएल या प्रश्नभाषेत सुटसुटीत लिहावेत, असा मार्ग त्यांनी सुचवला.

हे स्वतः पाहावे असे आम्हांला वाटले. सारे गाव जिला ट्रिपल आयटी म्हणते, त्या २००८ साली येथे स्थापन झालेल्या विद्यापीठात आमच्या एका स्नेह्यांचा नातू शिकला. तो मदतीला आला. त्याने चौसष्ट एमबीची एक रिकामी फाइल घेऊन तिलाच चकती बनवले. तीत आम्ही दोन घराण्यांचे कुळवृत्तांत ठेवले आणि दोन्हींच्या प्रती बाहेर वेगळ्या जपल्या. मग डीबगएफएस या साधनाने जखमा करायला बसलो.

पहिली जखम सौम्य होती. एका फाइलीचे नाव तेवढे निर्देशिकेतून काढले. दुरुस्तीनंतर ती फाइल ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कोठडीत सापडली. मजकूर अक्षरशः शाबूत, नाव मात्र गेलेले. उरला केवळ बारा हा क्रमांक. यात्रेत हरवलेले मूल पोलीस चौकीत सुखरूप बसलेले असावे, पण त्याला आपले नाव सांगता येऊ नये, तसे.

दुसरी जखम खोल होती. दुसऱ्या वृत्तांताच्या आयनोडमध्ये पहिल्या ठोकळ्याचा पत्ता बदलून तेथे पहिल्या वृत्तांताच्या ठोकळ्याचा पत्ता लिहिला. आता एकाच ठोकळ्यावर दोन फाइलींचा हक्क झाला. साधनाने तो दुहेरी हक्क अचूक पकडला आणि विचारले, दोघांनाही स्वतंत्र प्रत करून देऊ का? आम्ही होय म्हटले. पाचव्या फेरीत त्याला एक ठोकळा बेवारस आढळला. तो त्याने मोकळा म्हणून नोंदवला. पुन्हा तपासणी केली तेव्हा चकती निर्दोष ठरली.

फाइल उघडली. तो ठोकळा १०२४ बाइटांचा आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे साधारण साडेतीनशे चिन्हे. दुसऱ्या घराण्याच्या वृत्तांताच्या आरंभीच्या ओळी गेल्या होत्या आणि तेथे पहिल्या घराण्याचा मूळपुरुष विराजमान झाला होता. खाली वंश एकाचा, वर पूर्वज दुसऱ्याचा! आणि खऱ्या मूळपुरुषाच्या ओळी? त्या मोकळ्या ठरवलेल्या ठोकळ्यात अजून होत्या. पुढच्या लेखनात केव्हाही पुसल्या जाण्याच्या बेताने.

नातू म्हणाला, “आजोबा, साधन खोटे बोलले नाही. वह्या जुळतात एवढेच ते म्हणते.”

त्याचे म्हणणे आम्हांला पटले. एकाच सर्व्हे नंबरावर दोन पट्टेदार निघाले की कागद जुळवण्याच्या घाईतला कारकून दोघांच्या नावे निम्मे निम्मे क्षेत्र लिहून मोकळा होतो. बेरीज जुळते, वरिष्ठांची सही होते. शेतावर मात्र ज्याचा नांगर पिढ्यान्‌पिढ्या चालला तो एकच असतो. वहीला वहीचीच साक्ष काढली तर सुसंगती मिळते. सत्यासाठी वहीबाहेरचा साक्षीदार लागतो. आमच्या प्रयोगात बाहेर जपलेली प्रत तो साक्षीदार होती, म्हणूनच लबाडी उघडी पडली.

तेव्हा ज्या घरांत असे कागद संगणकात आहेत, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. दुरुस्तीपूर्वी संपूर्ण चकतीची प्रत काढावी. साधन प्रथम केवळ पाहणीपुरते चालवावे. तशी सोय त्यात आहे. सर्व प्रश्नांना एकदम ‘होय’ म्हणण्याचीही सोय आहे; न वाचता सही करणाऱ्या अधिकाऱ्याची आठवण व्हावी अशी. ती शेवटी ठेवावी. प्रत्येक फाइलीची पडताळणीची खूण काढून तिची यादी निराळ्या जागी, शक्य तर कागदावर, ठेवावी. आणि मूळ कागद रद्दीत घालू नयेत.

मध्यंतरी एका उत्साही तरुणाने विचारले, की जुन्या दस्तांत ‘जिल्हा आदिलाबाद’ असे जेथे जेथे आहे तेथे तेथे ‘निर्मल’ करून टाकू का, म्हणजे सर्व एकसारखे होईल. २०१६ साली बासर निर्मल जिल्ह्यात गेले हे खरे. पण हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. त्या त्या काळच्या कागदाने त्या त्या काळाचेच नाव सांगावे. ती विसंगती नव्हे, तो पुरावा आहे. त्या तरुणास आम्ही ‘नाही’ म्हटले, आणि मुळाबरहुकूम नक्कल करून बाजूला टीप लिहिण्यास सांगितले.