बुडालेले भात, तहानलेली रताळी

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या शिवारात एकाच पावसाळ्यात पिकाची दोन उलटी दुखणी बघायला मिळतात. खाली मार्कंडेय नदीकाठचे भात पाण्याखाली गेलेले असते. पुढे पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली, की वरच्या तांबड्या माळावर रताळ्याचे वेल भर दुपारी माना टाकतात. वनस्पतींवरचा ताण मोजणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यासाठी वेंगुर्ला रस्त्याने सुळग्यापर्यंत गेले तरी काम भागते.

मान टाकलेला वेल पाहून घाबरायचे कारण नसते. संध्याकाळी तो सावरला, तर त्याचे सारे हिशोबात चालले आहे असे समजावे. माती वाळू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढते, त्याच्या सांगाव्याने पानावरची रंध्रे मिटतात आणि बाष्पाची गळती थांबते. मात्र त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. म्हणजे पाणी वाचवायचे तर अन्न तयार करणे कमी करावे लागते, आणि पान तापते ते वेगळेच. बियाण्याच्या पिशवीवर ‘दुष्काळ सहन करणारे’ असे छापलेले असते, तेव्हा त्यासाठी उत्पन्नात काय मोजावे लागले हेही छापायला हवे.

हा ताण मोजायची माझी आवडती रीत १९६५ची, शोलँडर यांच्या दाबपात्राची. पान तोडून जाड धातूच्या भांड्यात बंद करायचे, देठाचे कापलेले टोक झाकणातून बाहेर ठेवायचे आणि आत नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. टोकावर रस ओलसर चमकला, की तो दाब टिपून घ्यायचा. झाड मातीतले पाणी जितक्या जोराने ओढत होते, तितकाच हा आकडा. हे काम उजाडण्याआधी करावे लागते, कारण रात्रभरात झाड आणि माती एका पातळीवर येतात. पाणी भरपूर असेल तर दोन-तीन बारलाच रस दिसतो. माती १५ बारपर्यंत कोरडी झाली की बहुतेक पिके पुन्हा उभी राहत नाहीत. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सहा-सातपट भरतो. रताळ्यात एक खोड मात्र आहे. देठ कापला की आधी पांढरा चीक येतो. तो टिपकागदाने पुसून, नितळ रस येईपर्यंत भिंगातून बघत बसावे लागते. नवखा विद्यार्थी चिकालाच रस समजतो आणि करपत चाललेल्या शेताला ठणठणीत असल्याचा दाखला देऊन मोकळा होतो.

दुसरे यंत्र हरितद्रव्याची चमक मोजते. पान वीस-तीस मिनिटे चिमट्याखाली अंधारात ठेवायचे आणि मग प्रकाशाचा झोत टाकायचा. निरोगी पानाचा आकडा ०.८३च्या आसपास येतो. आकडा झटपट मिळतो म्हणून हे यंत्र लोकप्रिय आहे. पण सौम्य दुष्काळात तो फारसा हलतच नाही. रंध्रे केव्हाची मिटलेली असतात, वाढ थांबलेली असते, आणि यंत्र ‘सर्व ठीक’ म्हणत राहते.

आता खालच्या शिवारात जाऊ. पाण्यात वायू हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतात. त्यामुळे बुडालेल्या भाताचा श्वास कोंडतो आणि त्याने स्वतः तयार केलेला इथिलिन वायू आतच साठतो. नितळ पाण्यात भाताचे पान बुडवून पाहा, ते चंदेरी दिसते. पानावर हवेचा पातळ थर धरलेला असतो आणि रोप त्यातूनच श्वास घेते. साबणाच्या पाण्याने पान चोळून पुन्हा बुडवले तर ती चंदेरी झाक जाते. पूर गढूळ असला तर या थराच्या जोडीला लागणारा उजेडच पानापर्यंत पोहोचत नाही.

साठलेले इथिलिन रोपाला उंच व्हायला सांगते. पूर महिनोन्‌महिने राहणारा असेल तर हे शहाणपणाचे आहे. आमच्याकडचा पूर काही दिवसांचा असतो, आणि त्यात उंच होणे म्हणजे गाठीची साखर उधळणे. ओडिशातल्या ‘एफआर १३ ए’ या जुन्या वाणात सब-१-ए हा जनुक आहे. तो ही धावपळ थांबवतो आणि रोप पंधरवडाभर पाण्याखाली तग धरते. २००६मध्ये तो ओळखला गेला आणि २००९मध्ये भारतात स्वर्णा-सब-१ हे वाण आले. पण बेळगावकराच्या ताटाला बासमती आणि इंद्रायणी लागते. त्याला स्वर्णा देऊन भागणार नाही, तो जनुक आपल्या वाणांत उतरवायला हवा.

खरी गंमत पूर ओसरल्यावर. बांध दिसू लागतो, रोप हिरवे असते, शेतकरी सुस्कारा सोडतो आणि दोन-तीन दिवसांत पान सुरळी होऊन करपते. मुळे निकामी झाल्याने चिखलात उभे असलेले भात तहानेने मरते. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. पान तोडून लगेच वजन करा, काही तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा, मग भट्टीत वाळवून तिसऱ्यांदा करा. पानात पूर्ण क्षमतेच्या किती टक्के पाणी होते ते या तीन वजनांवरून निघते.

आमच्या क्षेत्रात मात्र ताण मोजायला प्रोलिन या अमिनो आम्लाचे वेड आहे. १९७३ची बेट्स यांची निनहायड्रिनची पद्धत स्वस्त आहे, रंग झकास लाल येतो आणि प्रबंध तयार होतो. प्रोलिन वाढले याचा अर्थ झाडाला ताण जाणवला. झाड तो सोसू शकते, असा अर्थ त्यातून निघत नाही. मरणाऱ्या रोपातही प्रोलिन भरपूर असते. सोशिकपणाचा निकाल खळ्यावरच लागतो.

म्हणून नदीकाठच्या शेतकऱ्यांना एक विनंती आहे. पाणी तरव्याच्या शेंड्यावरून गेले तो दिवस, उतरले तो दिवस, पाणी गढूळ होते की नितळ, वाण कोणते आणि पंधरा दिवसांनी शंभरातले किती चूड जगले, एवढे वहीत लिहून ठेवा. आमच्या यंत्रांकडे ही माहिती नसते, आणि ती असल्याशिवाय त्यांचे आकडे तुमच्या शेताबद्दल काहीच सांगत नाहीत.