शत्रूच्या नावाची घंटा

युद्धात हाती लागलेल्या बहुतेक वस्तूंना पुढे फारसे आयुष्य उरत नाही. धान्य खाऊन संपते, घोडे पागेत मिसळून जातात, नाणी शिपायांच्या पगारात वाटली जातात, सोने आटवले जाते, आणि थोड्याच काळात ती लूट इतकी पांगते की तिचा मूळ धनी कोण होता, हे सांगणारे काही मागे राहत नाही. त्यातली एखादीच वस्तू न खर्चता, न वितळवता, मुद्दाम बाजूला ठेवली जाते, आणि तिला विजयचिन्ह म्हणतात. लूट आणि विजयचिन्ह यांच्यातला भेद किमतीचा नाही. लुटीवरची जुन्या धन्याची खूण जितक्या लवकर पुसली जाईल तितके बरे, पण विजयचिन्हावरची तीच खूण पुसली तर ते अडगळीत जमा होते. म्हणून जेत्याला पराभूताचे नाव, त्याची लिपी, प्रसंगी त्याचे देवदेखील सांभाळावे लागतात, आणि हे सांभाळताना आपण नेमकी कोणाची चाकरी करतो आहोत, याचा विचार त्याने क्वचितच केलेला असतो.

मराठी मुलखात या चाकरीचा पुरावा देवळांत टांगलेला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेली वसई पोर्तुगिजांनी दोन शतके राखली. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा निरनिराळ्या ख्रिस्ती संन्यासी-संघांचे मठ आणि चर्च उभे राहिले, आणि त्यांच्या मनोऱ्यांवर मोठमोठ्या घंटा चढल्या. १७३९च्या मे महिन्यात बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी सुरुंग लावून आणि हजारो माणसे खर्ची घालून हा कोट घेतला. ठरलेल्या अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदीला मानाने आणि चीजवस्तूंसह निघून जाण्याची मुभा मिळाली, परंतु मनोऱ्यावरची घंटा काही कोणाच्या गाठोड्यात मावत नाही. वसई आणि साष्टी भागातल्या अशा घंटा मग घाट चढून देशावर गेल्या, काही कोकणातच राहिल्या. नाशिकला गोदेच्या काठी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरी, पालीच्या बल्लाळेश्वरापाशी आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही पाहायला मिळतात. अशा प्रत्येक घंटेला वसईशी जोडणारी परंपरा सारख्याच भक्कम पुराव्यावर उभी आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

घंटा हाती आल्यावर तिचे काय करायचे, हा प्रश्न त्या काळी वाटतो तितका सोपा नव्हता. घंटेचे कासे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील यांचा मिश्रधातू. तोफेच्या कास्यात कथिलाचे प्रमाण याच्या निम्म्यावर येते, कारण कथील वाढले की धातू खणखणीत वाजतो, पण ठिसूळही होतो आणि बाराच्या धक्क्याला टिकत नाही. म्हणजे घंटेच्या रसात आणखी तांबे घातले की तोफेचा माल तयार. युरोपातल्या सैन्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. तिथे तोफांचा मारा करून जिंकलेल्या शहरातल्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानला जाई, आणि शहराला आपल्या घंटा वाचवायच्या असतील तर रोकड मोजून त्या सोडवून घ्याव्या लागत. मराठ्यांना तोफांची ददात नव्हती असे कोणी म्हणणार नाही, उलट तोफा ओतण्याची गरज त्यांना पुढेही सतत भासत राहिली. असे असूनही इतक्या वजनाचे कासे भट्टीत न घालता बैलांच्या आणि माणसांच्या बळावर डोंगरांत नेऊन टांगले गेले, यावरून त्या घंटांकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते, ते पुरेसे स्पष्ट होते.

मेणवलीची घंटा जवळून पाहण्यासारखी आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या पात्रात उतरणाऱ्या दगडी घाटावर, मेणेश्वराच्या देवळालगत एका लहानशा दगडी बांधणीत ती टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल असल्याचे सांगितले जाते, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती तिच्या अंगावर दिसते. अशा घंटांवरची चित्रे आणि अक्षरे छिन्नीने कोरलेली नसतात. मातीच्या साच्यात मेणाचे ठसे बसवून ते मेण वितळवतात, आणि त्या पोकळीत धातूचा रस शिरून आकृती पृष्ठभागाच्या वर फुगून येते. कोरलेली ओळ भरून काढता येते, परंतु ओतीव उठाव काढायचा तर कानस घेऊन बसावे लागते आणि तेवढे करूनही डाग राहतो. मेणवलीला कोणी कानस घेऊन बसले नाही. शिवाच्या देवळापाशी मेरी तशीच राहिली. तिच्याखालून गेलेल्या पिढ्यांपैकी किती जणांनी तिला मेरी म्हणून ओळखले असेल आणि किती जणांना ती कडेवर मूल घेतलेली एखादी देवी वाटली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

चर्चमध्ये घंटा चढवण्यापूर्वी बिशप तिला पवित्र पाण्याने धुतो, तेल लावतो आणि एखाद्या संताचे नाव देतो. या विधीला लोक घंटेचा बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराने केलेले नामकरण, असेच म्हणतात. पुढे मनोऱ्यावरून ती साऱ्या गावाला प्रार्थनेच्या वेळा सांगते, लग्नाची आणि मयताची वर्दी देते, आणि दोर ओढणारा एकच माणूस सगळ्यांच्या वतीने तिला वाजवतो. देवळात हा व्यवहार उलटा होतो. तिथे जो येईल तो स्वतःच्या हाताने लोलक हलवतो आणि आपण आल्याचे देवाला कळवतो, गावाने ऐकावे अशी त्याची अपेक्षा नसते. म्हणजे आवाज तोच राहिला, तरी पूर्वी जो माणसांना बोलावण्यासाठी होता तो आता देवाला जागवण्यासाठी झाला.

या गोष्टीला सर्वधर्मसमभावाचा मुलामा देण्याचा मोह आवरलेला बरा. ज्यांनी या घंटा टांगल्या त्यांना त्या कोणाच्या आहेत हे पक्के ठाऊक होते आणि इतरांनाही ते ठाऊक असावे हाच टांगण्यामागचा हेतू होता. पोर्तुगीज अमलात गोव्यात आणि उत्तर कोकणात देवळे पाडली गेली होती, १५६०पासून गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन बसले होते, आणि देवळात वाजणारी चर्चची घंटा हे त्या साऱ्याला दिलेले उत्तर होते. पण वसईची दुसरीही एक बाजू आहे. सत्ता गेली तरी तिथला ख्रिस्ती समाज गेला नाही. तो याच मातीतला होता, शेतीवाडी आणि मासेमारी करत राहिला, घरात सामवेदीसारख्या मराठीच्या बोली बोलत राहिला, आणि आजही त्याच्या वंशजांची गावे तिथे नांदती आहेत. त्या गावांतला कोणी माणूस नाशिकला किंवा मेणवलीला गेला आणि त्याने घंटेवरचे साल वाचले, तर त्याच्या दृष्टीने ते पेशव्यांच्या विजयाचे साल ठरत नाही. आपल्या पूर्वजांच्या चर्चसाठी ती ओतली गेली तेव्हाची ती नोंद असते, आणि बहुधा चर्चच्या दप्तरापेक्षा ती अधिक टिकलेली असते. विजयचिन्ह जपणाऱ्याने अशा रीतीने पराभूताचे दप्तर जपलेले असते, आणि तेही भाडे न घेता.

ही कोंडी ओळखून काही जेते वस्तूवर आपलेही नाव घालतात. मुलूखमैदान तोफ याचे ठळक उदाहरण आहे. निजामशाहीसाठी १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची आणि तोंडाशी हत्तीला चिरडणाऱ्या हिंस्र पशूचा जबडा असलेली ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२मध्ये ती विजापूरकरांनी नेली, आणि १६८६ साली विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख घातला. आता एकाच नळीवर निजामशाही आणि मोगल या दोन्हींची नावे आहेत. पुढे इंग्रज अमलात, १८५४ साली, निरुपयोगी सरकारी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा सर्वांत वरची बोली १५० रुपयांची आली. तीही नंतर मान्य झाली नाही, म्हणून तोफ वाचली. बादशहाच्या लेखाने तिची किंमत एका पैशानेही वाढवली नव्हती, असे म्हणायला हरकत नाही.

जिथे मूळ वस्तूवर नावच नसते, तिथे नाव पेटीवर लिहावे लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जुलै २०२४मध्ये मुदतीवर साताऱ्याला पाठवलेली वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्यातून तिथे गेलेली आहेत. शिवाजी महाराजांनी १६५९ साली वापरलेली वाघनखे तीच, हा दावा सोबतच्या पेटीवरील मजकुरावर उभा आहे, आणि ती तीच आहेत असे सिद्ध करता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगते. तरीही दर्शनाला रीघ लागली. यात भाबडेपणा पाहणारे विद्वान एक गोष्ट विसरतात की रांगेतल्या माणसाला धातूच्या वयाचा दाखला नको असतो, त्याला फक्त उभे राहण्यासाठी एक जागा हवी असते.

राज्ये विजयचिन्हे ठेवतात, तर माणसे स्मृतिवस्तू ठेवतात, म्हणजे जिंकल्याहरल्याचा हिशेब नसलेल्या, केवळ तिथे गेल्याची आणि बहुधा परतल्याची साक्ष देणाऱ्या वस्तू. पहिल्या महायुद्धात शिपाई रिकाम्या पितळी तोफगोळ्यांच्या आवरणांवर नक्षी ठोकून फुलदाण्या करत, आणि या हस्तकौशल्याला पुढे खंदककला असे नाव पडले. ज्या नळकांड्यातला गोळा आपल्याला लागू शकला असता त्याचीच फुलदाणी करून घरी नेणे, यात शत्रूवरच्या विजयापेक्षा योगायोगावरच्या विजयाचा आनंद अधिक असावा.

ही दोन्ही प्रकारची जपणूक व्हिक्टोरिया क्रॉसमध्ये एकत्र आली आहे. १८५६ साली स्थापन झालेले हे पदक क्रिमियाच्या युद्धात रशियनांकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूचे असते, अशी परंपरा आहे. धातूच्या तपासणीत मात्र त्यासाठी चिनी तोफाही वापरल्या गेल्याचे दिसले. म्हणजे एकाची तोफ दुसऱ्याने वितळवायची आणि तिसऱ्याच्या छातीवर लावायची. १९४४च्या जुलैमध्ये इटलीत लढताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर हे पदक मिळाले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्या इंचभर कास्याने रशिया किंवा चीन, इंग्लंड, इटली आणि रायगड जिल्हा यांना एकाच दोरीत ओवले.

बहुतेक घरांत मात्र इतके मोठे पदक कधी आले नाही. पहिल्या युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कास्याची एक तबकडी पाठवली. अशा १३ लाखांहून अधिक तबकड्या ओतल्या गेल्या. त्यांवर ब्रिटानियाची आकृती असे, सिंह असे आणि शेजारी मृताचे नाव उठावात असे, तेही हुद्द्याशिवाय, कारण मरणात सारे सारखे, हे सरकारला दाखवायचे होते. तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कडेने फिरत असत. परतंत्र मुलखातल्या एखाद्या घरात ती ओळ इंग्रजी जाणणाऱ्या नातवाने मोठ्याने वाचली असेल, तेव्हा तिथे कोणाला काय वाटले असेल, ते वाचकाने ठरवावे.

जे परतले त्यांना पदके मिळाली, आणि इथे मरणातली समानता जिवंतपणी लागू झाली नाही. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्यांना चांदीचे मिळाले, तर मजूरतुकड्यांतल्या भारतीय, चिनी आणि माल्टाच्या माणसांना कास्याचे. चांदीच्या पदकांना यामुळे एक धोका लागला. घरात नड आली की ती सोनाराच्या काट्यावर जाऊ शकत होती, आणि १९८०च्या सुमारास जगभर चांदीचा भाव चढला तेव्हा अशी कितीतरी पदके वितळली. कास्याच्या पदकांना सोनार विचारत नव्हता, म्हणून ज्यांना कमी मान दिला गेला त्यांचीच पदके ट्रंकांच्या तळाशी राहिली. या पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पथक इंग्रजीत ठोकलेले असते, आणि नाव परक्या कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे लिहिलेले असते, इतके की कधी कधी घरच्यांनाही ते आपल्या माणसाचे वाटत नाही. तरी पणजोबा कुठे होते, कोणत्या तुकडीत होते, हे शोधायचे ठरले तर लष्करी दप्तरात नावावरून फारसे हाती लागत नाही, आणि शोधाची सुरुवात त्या कडेवरच्या क्रमांकापासूनच करावी लागते.