गाजरगवताचा शेजार

रस्त्याची कड, रेल्वेलाइनची बाजू, पडीक प्लॉट, शेताचा बांध. जमीन उघडी पडली आणि कोणाचे लक्ष नसले की तिथे गाजरगवत येतेच. आधी ते मातीला चिकटून कातरलेल्या पानांचा गोल पसारा मांडते आणि तेवढी जागा अडवते. मग मधून दांडा वर चढतो, फांद्या फुटतात आणि महिना-दीड महिन्यात बारीक पांढऱ्या फुलांनी झाड भरून जाते. पाणी मिळाले की त्याला ऋतूचे बंधन नाही. एकेका झाडाला हजारो बिया धरतात.

हे मूळचे अमेरिका खंडातले. १९५६ साली पुण्यातून त्याची भारतातली नवी वनस्पती म्हणून शास्त्रीय नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. पण नुसत्या बियांच्या जोरावर कोणी एवढे राज्य करत नाही. त्याचे खरे बळ अंगातल्या रसायनांत आहे.

पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. त्याच्या जोडीला कॅफिक, फेरुलिक, व्हॅनिलिक अशी आम्ले. पावसाच्या पाण्याने ही द्रव्ये पानांवरून धुऊन मातीत उतरतात, मुळांतून पाझरतात, पाला कुजताना सुटतात. शेजारी पडलेले बी पाणी पिऊन फुगते, पण कोंब उशिरा येतो किंवा येतच नाही. आला तरी मूळ आखूड राहते, आणि ज्या रोपाचे मूळ खोल गेले नाही ते पहिल्याच उघडिपीत मान टाकते. हे घरीही बघता येते. हातमोजे घालून पाला तोडावा, रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा. एका बशीत त्या पाण्याने ओला केलेला टिपकागद, दुसरीत साध्या पाण्याचा, आणि दोन्हींवर मुळ्याच्या किंवा मोहरीच्या बिया. अर्क दाट असेल तर दोन बश्यांतला फरक चार-पाच दिवसांत डोळ्यांना दिसतो. एका वनस्पतीने दुसरीवर रसायनांनी केलेल्या या परिणामाला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली ॲलेलोपॅथी हे नाव दिले.

इथे एक सावधगिरी हवी. बशीत माती नसते. शेतातल्या मातीत सूक्ष्मजीव असतात आणि पार्थेनिन तिथे फार काळ टिकत नाही. म्हणून शेजारचे प्रत्येक रोप मेले ते या विषानेच, असे म्हणणे चूक ठरेल. सावली, झपाट्याची वाढ, ओल आणि खत ओढून घेणे, हेही गाजरगवताचेच हात आहेत. तरी कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी याच्या अर्काने कमी होतात आणि याचे परागकण दुसऱ्या फुलांच्या कुक्षीवर पडले की फळधारणा घटते, हे प्रयोगांत दिसले आहे. माणसालाही ते सोडत नाही. अंगाला खाज, पुरळ, दमा यांचा त्रास निंदणी करणाऱ्या बायकांना आधी सोसावा लागतो, याची मला सर्वांत जास्त चीड आहे.

आणि तरीही ते अजिंक्य नाही. टाकळ्याची दाट वाढ झाली की गाजरगवत मागे हटते. झेंडूही त्याला दाबतो. मेक्सिकोहून १९८० च्या दशकात भारतात आणलेले भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. विशेष म्हणजे त्याची रसायने त्याच्या स्वतःच्या बियांनाही रोखतात.

उपटायचे तर फुलावर येण्याआधी उपटा, माती ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून. उपटलेला ढीग वाफ्यात तसाच पसरू नका. खड्ड्यात घालून पूर्ण कुजू द्या आणि मगच ते खत पिकाला द्या. मोकळ्या झालेल्या जागेत पावसाच्या तोंडाला टाकळ्याचे बी टाका.