मीटरवर की महिन्यावर?

‘सर्व्हरलेस’ म्हटलं की वाटतं, चला, सर्व्हर गेला, भाडंही गेलं! तसं काही नसतं, बॉस. सर्व्हर असतोच, फक्त तो तुम्ही बांधून ठेवत नाही. रिक्षासारखं आहे, कुणी साइट उघडली की मीटर पडतं. ॲमेझॉनने २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ आणलं, त्याचा हिशोब असाच: किती रिक्वेस्ट, किती मेमरी, किती मिलिसेकंद. महिन्याला पहिल्या दहा लाख रिक्वेस्ट फुकट. माझ्या लेखांच्या साइटवर आईला धरून दिवसाला चाळीस माणसं येतात. म्हणजे बिल जवळपास शून्य! फ्रीलान्सरला आणखी काय हवं?

हवं ना. मानधनाचा चेक कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे खर्च तरी ठरलेला हवा. २०२४ मध्ये नेटलिफायवरच्या एका छोट्या साइटवर खोट्या ट्रॅफिकचा मारा झाला आणि मालकाला बिल आलं, एक लाख डॉलरच्या वर! तेही फुकटच्या प्लॅनवर. कंपनीने नंतर ते माफ केलं, पण मेल उघडतानाचा तो क्षण? ॲमेझॉनवर बजेटचा अलर्ट लावता येतो. पण नुसता अलर्ट मेल पाठवतो, मीटर थांबवत नाही.

म्हणून मी महिन्याला पाच डॉलरचा छोटा सर्व्हर घेतलाय. रात्रभर रिकामाच बसतो बिचारा. अपडेट्स, बॅकअप माझ्याच गळ्यात. रविवारची सकाळ त्यात जाते. एखाद्या लेखावर झुंबड उडाली तर साइट आडवी होईल, लॅम्डाने ती गर्दी सहज झेलली असती. चालेल. संपर्काचा फॉर्म तेवढा लॅम्डावर ठेवलाय, एका वेळी किती रिक्वेस्ट घ्यायच्या याची मर्यादा घालून. महिन्याला दोन-तीनच जण भरतात तो.